नौतप्यातलं खुराडं

मी जन्माची भित्री. पाल, वीज, शाळेतल्या बाई, बंद दार, उघडं दार, मला कशाचीही भीती वाटायची. आत्या म्हणायची, "ह्या पोरीला देवाकडून कातडी घालायचीच राहिली, नुसत्या भीतीत गुंडाळून पाठवून दिलीय." पण ज्या उन्हाळ्याबद्दल मी लिहिते आहे, त्या उन्हाळ्यात आमचं सगळं घरच भित्रं झालं होतं. मला त्यात थोडं बरंही वाटायचं, की चला, आपण एकट्या नाही.

घरात दोन गोष्टींची भीती होती. एक लू आणि दुसरी बदली.

ग्वाल्हेरचा उन्हाळा ज्याने काढला नाही त्याला लू सांगून कळत नाही. ऊन चढलं की पश्चिमेकडून जे सुटतं त्याला वारा म्हणायला जीभ रेटत नाही. रस्त्यावर चिटपाखरू नसे. बाहेर पडायचंच झालं तर माणसं खिशात कांदा ठेवून, कानाला उपरणं गुंडाळून पडत. खुद्द मध्यभारताचं सरकार उन्हाळ्यात इंदूरला जाऊन बसायचं. मागे भाजायला उरायचे आमच्या बाबांसारखे कारकून आणि तो किल्ला.

बदलीचं असं, की आमच्याकडे आजोबा, पणजोबा सगळे पलटणीतले. संस्थान विलीन झालं, पलटण मोडली, काहीजण नव्या फौजेत गेले, काही घरी बसले, आणि बाबा तेवढे आधीपासूनच एका सरकारी कचेरीच्या खुर्चीवर होते. खुर्ची तीच राहिली, बाहेरची पाटी तेवढी बदलली. आधी संस्थानाची होती, मग मध्यभारताची झाली, आणि आता मध्यभारतही मोडून मोठं राज्य होणार अशी बोलवा होती. राजधानी भोपाळला जाणार की जबलपूरला, ह्यावर दाल बाजारातल्या दुकानांच्या पायऱ्यांवरसुद्धा भांडणं होत. ग्वाल्हेरात ती राहणार नाही एवढं मात्र सगळ्यांना कळून चुकलं होतं. कचेऱ्या गेल्या की माणसं जाणार, माणसं गेली की क्वार्टर जाणार. बाबा आम्हांला घाबरवायला नको म्हणून घडी केलेलं वर्तमानपत्र उशाखाली ठेवत. आत्या ते सरळ ओढून काढायची. "दादा, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?" असं म्हणून ती मथळे मोठ्यानं वाचायची आणि मग तीच दिवसभर गप्प व्हायची.

आत्या बाबांची धाकटी बहीण. तिचं सासर शिवपुरीकडच्या एका गावात होतं. नवरा लवकर गेला आणि मग त्या घरात तिचे हाल झाले. एकदा दिरानं चुलीतलं जळतं लाकूड तिच्यावर फेकलं होतं. त्याचा डाग तिच्या कोपरावर होता आणि कुणी विचारलं तर ती म्हणायची, "हा दिराचा आहेर." ती अंगावरच्या लुगड्यानिशी आमच्याकडे निघून आली तेव्हा त्या घराला जहागिरी होती आणि कामाला माणसं होती, म्हणून कुणी तिला परत बोलावलं नाही. मग जहागिरी गेल्या, माणसं गेली, आणि त्यांना अचानक सुनेची आठवण झाली.

त्या वर्षी होळीनंतर दीर आमच्याकडे आला. जेवला, ढेकर दिली आणि बाबांना म्हणाला, "तुमची तर आता बदली होणार. नव्या गावात दोन खोल्या मिळतील न मिळतील, तिथं हिला कुठं फिरवणार? आमच्या घरची सून आहे. घेऊन जातो."

मी दारामागे उभी होते. लोक काय म्हणतील, सुनेला माहेरी डांबून ठेवली म्हणतील, हे सगळं बाबांच्या कपाळावर दिसत होतं. शेवटी ते म्हणाले, "तिचं पोट आमच्यावर नाही. तिच्या कोंबड्या आहेत. इथंच मुरारला एक खोली बघून ठेवली आहे. आम्ही गेलो तरी ती अंडी विकून राहील."

दीर हसायला लागला. "ग्वाल्हेरच्या नौतप्यात, भर जेठात, कोंबड्या? बरं. आषाढात येतो. जगल्या असतील तर राहू दे तिला. नसतील तर बैलगाडी घेऊनच येतो."

बाबा "हो" म्हणाले. आत्या आत चुलीपाशी बसली होती. तिनं सगळं ऐकलं आणि तव्यावरची भाकरी करपवली. आत्यानं भाकरी करपवलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती.

एवढी ती गोष्ट होती. आषाढापर्यंत कोंबड्या जगल्या तर आत्या वाचणार होती.

थाटीपुरातल्या आमच्या क्वार्टरच्या मागे वीतभर अंगण होतं. अंगणात एक कडुनिंब आणि त्याच्या सावलीत आत्यानं स्वतः चिखल तुडवून बांधलेलं खुराडं. दोन बाजूंना मातीच्या भिंती, पश्चिमेला आणि पूर्वेला जाळी, म्हणजे वारं एकीकडून शिरून दुसरीकडून निघून जाईल. पश्चिमेच्या जाळीला ती ताटी बांधायची. साहेबांच्या खोल्यांना वाळ्याच्या ताट्या असत, आमच्या कोंबड्यांना जवाशाच्या. जवासा म्हणजे माळावरचं काटेरी झुडूप. सगळं रान करपतं तेव्हा हे हिरवंगार होतं आणि पाऊस पडला की झडून जातं. आत्या म्हणायची, "आपल्या जातीचं झाड आहे." तिनं हात रक्तबंबाळ करून ते तोडून आणलं होतं आणि बांबूच्या कामट्यांत दाबून ताट्या बांधल्या होत्या. ताटीवर पाणी मारलं की त्यातून येणारी लू आत शिरेपर्यंत गार व्हायची.

ह्या ताट्यांना इथल्या हिंदीत टट्टी म्हणतात. आई कोल्हापूरकडची, त्यातून माळकऱ्यांच्या घरातली. शेजारच्या अम्मांनी तिच्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात भिंतीवरून "बहू, तुम्हारी टट्टी सूख गई" असं मोठ्यानं सांगितलं तेव्हा ती लाजेनं दिवसभर परसात गेली नव्हती म्हणे. आईला कोंबड्यांचं सगळंच वर्ज्य. ती खुराड्याकडे पाठ करून तुळशीला पाणी घालायची. एखादं पिल्लू स्वयंपाकघरात शिरलं की ती पाटावर चढून उभी राहायची आणि ओरडायची, "वन्सं, तुमची लेकरं आवरा!" त्या दोघींचं ह्यावरून रोज वाजायचं. मला वाटायचं, आत्या गेली तर आईला बरंच वाटेल. ही पण माझी एक भीती होती.

आत्याचा दिवस उजाडायच्या आत सुरू व्हायचा. दाल बाजारातल्या दुकानांतून झाडलेली कणी-बाजरी ती गाठोडं बांधून आणायची आणि तांबडं फुटायच्या आधी कोंबड्यांना टाकायची. ऊन चढल्यावर दाणा नाही. "पोटात दाणा म्हणजे पोटात शेगडी," ती म्हणायची. दुपारी फक्त तरबुजाची सालं आणि काकडीची टोकं. पाण्याचे मातीचे परळ कडुनिंबाखाली रेतीत पुरलेले, त्यात कांद्याच्या चकत्या. पाणी कोमट झालं की ओतायचं आणि माठातलं घालायचं. लहान पिल्लं तर ती उचलून मोरीत आणायची आणि आई मोरीबाहेर उभी राहून हात जोडायची. जिला अंडी उबवायची हौस आली त्या खुडूक कोंबडीला ती घमेल्यातून बळेच उठवून सावलीत आणायची. "बाई, इतकी गर्मी आहे की तू नुसती बाजूला बस, अंडी आपोआप उबतील. उकडलीसुद्धा जातील."

हसवायची ती. पण रात्री उठून ती कंदील घेऊन कोंबड्या मोजायची, हे मी पाहिलं होतं.

माझं काम ऐकण्याचं होतं. भर दुपारी कोंबड्यांना हलवायचं नसतं, कुणी जवळ गेलं की त्या बावचळतात आणि पळापळीतच मरतात. म्हणून आत्यानं मला मागच्या दाराशी ओल्या फरशीवर निजवायचं आणि सांगायचं, "धापा ऐक." कोंबडी उन्हात चोच वासून, पंख अंगापासून सोडून बसते आणि तिच्या गळ्याखालची कातडी लपलप हलत असते. सगळ्या मिळून एक बारीक आवाज येतो. तो आवाज येतो आहे तोवर सगळं ठीक. मी दाराला कान लावून पडायची आणि तो आवाज जरा कमी झाला की कान आणखी दाबून धरायची. कितीदा तरी मी विनाकारण किंचाळून आत्याला उठवलं. ती कधी रागावली नाही. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," एवढंच म्हणायची आणि जाऊन बघून यायची.

नौतपा लागला. हे जेठातले सगळ्यात कडक दिवस. एक कोंबडी गेली, मग अजून एक. बाकीच्यांचे तुरे फिके पडले होते, पण त्या उभ्या होत्या. आत्याच्या ओठांना चिरा पडल्या होत्या, ती रात्रंदिवस पाणी वाहत होती, आणि मला वाटायला लागलं होतं की जमेल. आषाढ फार लांब नव्हता.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी अंगणात सडा टाकत होतो. शेजारच्या अम्मा भिंतीवरून डोकावल्या. त्या कानपूरकडच्या. त्यांचा मुलगा, त्यांचा लल्ला, बाबांच्याच कचेरीत होता, तोही ज्या टेबलावर माणसांच्या बदल्या लिहितात त्या टेबलावर. त्यामुळे अम्मा नुसत्या शिंकल्या तरी आमच्याकडे त्याचा अर्थ काढला जायचा.

अम्मा म्हणाल्या, "बाई साहब, लल्ला रेडियो सुनके आया है. कह रहा था, कल बदली हो जाएगी. अपनी टट्टियाँ हटा लो, वरना पछताओगी."

आणि त्यांची सून आतून हाक मारत होती म्हणून त्या गेल्या.

आत्याच्या हातातली बादली तिथंच कलंडली. पाणी माझ्या पायांवरून वाहून गेलं. ती भिंतीकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "ऐकलंस? उद्या. रेडिओवर पण आलं."

उद्या बदली. म्हणजे उद्या बाबा घरी येऊन सांगणार, आपण चाललो. मुरारची खोली अजून ठरायची होती. आषाढ अजून यायचा होता.

आत्याला भीती वाटली की तिला राग यायचा, आणि राग आला की तिची अक्कल जायची. हे आमच्या घराण्यातच आहे. ती एकदम उसळली. "आणि टट्ट्या हटवा म्हणे! अजून माणसं इथं बसलीत तर हिला क्वार्टर खाली करून पाहिजे. भाच्याला देणार असेल. पछताओगी म्हणते मला! मी नाही काढत. कोण काढतं ते बघतेच." तिनं न्हाणीमागे ठेवलेली जास्तीची ताटी ओढत आणली आणि पूर्वेच्या जाळीला बांधली, एरवी जी नेहमी उघडी असायची तिला. सुतळीच्या गाठींवर गाठी मारल्या. वरून गोणपाट टाकलं. मग सगळ्यावर घागरीच्या घागरी पाणी ओतलं. मी तिला सुतळी तोडून देत होते. मलाही वाटत होतं की असं घट्ट बांधलं म्हणजे आम्हांला कुणी इथून हलवू शकणार नाही.

आईला सांगितलं तेव्हा ती देवापुढे जाऊन बसली. बाबांना मात्र कुणी काही विचारलं नाही. त्यांनी वर्तमानपत्र उशाखाली ठेवलं होतं. आत्यानं त्या दिवशी ते ओढून काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कचेरीत गेले आणि जाताना आईनं त्यांच्या हातावर दही घातलं, परीक्षेला निघाल्यासारखं. आत्यानं उजाडायच्या आधी खुराड्याच्या दारातून हात घालून दाणा टाकला, ताट्यांवर पुन्हा पाणी मारलं आणि येऊन पुढच्या खोलीत बसली. आईही येऊन बसली. मी दोघींच्या मधे. चपराशी आला तर पुढच्या दारानंच येणार, म्हणून तिघी त्या दाराकडे बघत होतो. कचेरीतून सायकलवर कुणी आलं की काय, म्हणून मी प्रत्येक खडखडाटाला आईचा पदर पकडत होते.

त्या दिवशी लू सुटली नाही. खोलीत ऊन कमी वाटत होतं, पण अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. एरवी लूमध्ये घाम अंगावरच सुकतो, तो सुकेचना. आई पदरानं वारं घेत म्हणाली, "आज जीव का गुदमरतोय असा?" आत्या म्हणाली, "जीव गुदमरायचाच दिवस आहे, वहिनी." आम्ही तिघींनी ते मान्य केलं आणि बसून राहिलो. खिडकीतून वर बघायचं कुणाला सुचलं नाही. ज्यांच्या घरावर बदली टांगलेली असते ती माणसं वर बघत नाहीत, दाराकडे बघतात.

मला सवयीनं आठवण झाली. दुपार झाली आणि मी आज धापा ऐकल्याच नाहीत. मी म्हटलं, "आत्या, मी ऐकून येऊ?" तिनं नुसती मान हलवली.

मागच्या दाराशी जाऊन मी फरशीवर पडले आणि कान लावला. काही नाही. मी श्वास रोखला. तरी काही नाही. नेहमी मला आवाज कमी झाल्याची शंका यायची. त्या दिवशी आवाज नव्हताच. मी उठून कडीवर हात ठेवला आणि मला ती काढवेना. दार उघडलं नाही तर काहीच झालेलं नाही, असं मला वाटत होतं. मी तिथं उभ्या उभ्या रडायला लागले, आणि रडतानाच कडी काढली.

अंगणात सावली नव्हती आणि ऊनही नव्हतं. मी खुराड्याच्या ताटीला हात लावला. ती गरम होती, ओली आणि गरम. मी छोटं दार उघडलं आणि मोदकपात्राचं झाकण काढावं तशी वाफ तोंडावर आली. आत कोंबडा दाराशीच पडला होता, चोच वासून. त्याच्यामागे एकीवर एक कोंबड्या, जिथून थोडी हवा येत होती तिथे येऊन पडलेल्या.

मी जी किंचाळले ती मुरारपर्यंत ऐकू गेली असेल. आत्या अनवाणी धावत आली. भिंतीवरून अम्मांचं डोकं वर आलं.

"हाय राम! कल कहा था न, टट्टियाँ हटा लो? देखो तो, बदली हो गई है! पुरवाई में टट्टी कौन बाँधता है?" आणि त्यांनी हात वर केला.

आत्यानं वर बघितलं. मीही बघितलं. आभाळभर राखी ढग होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गच्च बदली.

हिंदीत ढगांनाही बदली म्हणतात. ग्वाल्हेरात जन्मलेल्या आत्याला हे माहीत नव्हतं असं नाही. हजार वेळा तिनं स्वतः म्हटलं असेल, आज बदली है, कपडे सूखेंगे नहीं. मलाही शाळेत शिकवलं होतं. पण त्या उन्हाळ्यात आमच्या घरात तो शब्द एकाच अर्थानं शिल्लक उरला होता. अम्मा आम्हांला सांगत होत्या, उद्या ढग येतील, वारं पडेल, पूर्वेचं दमट वारं येईल, ओल्या ताट्यांनी मग गारवा होत नाही, वाफ होते, तर त्या काढा. आणि आम्ही त्यांच्या बोलण्यावर चिडून होत्या नव्हत्या त्या सगळ्या ताट्या बांधून टाकल्या होत्या.

आत्याला एका क्षणात समजलं. तिचा चेहरा मला अजून दिसतो. तिनं दोन्ही हातांनी ताटी ओढली. तिच्याच गाठी तिला सुटेनात. काटे तळव्यात घुसत होते आणि ती दातांनी सुतळी तोडत होती. अम्मा लुगडं खोचून भिंत चढून आल्या. त्या वयात त्या कशा चढल्या देव जाणे. मी आत हात घालून एकेक कोंबडी ओढून काढत होते. काही मऊ आणि गरम होत्या, पण मान पडलेली. कोणती जिवंत आहे हे मला कळत नव्हतं आणि मला प्रत्येकीला हात लावायची भीती वाटत होती, तरी मी लावत होते.

"पाय पाण्यात ठेव!" आत्या ओरडली. "डोकं नको, पाय! गार पाणी नको, साधं!"

तेवढ्यात माझ्या हातातली कोंबडी कुणीतरी घेतली. बघते तर आई. ती कणीक मळायची परात घेऊन आली होती, पाण्यानं भरलेली. ती खाली मातीत बसली, कोंबडीला मांडीवर घेतलं, पाय परातीत सोडले आणि सुपानं वारं घालायला लागली. तिच्या गळ्यातली तुळशीची माळ कोंबडीच्या पाठीवर लोंबत होती. "आण दुसरी," ती मला म्हणाली. "बघत काय राहिलीस, आण!"

आम्ही चौघी किती वेळ तसं करत होतो ते मला सांगता येणार नाही. एखादीच्या पापण्या उघडायच्या आणि आत्या म्हणायची, "ही आहे, ही आहे." एखादीची मान सरळ व्हायची नाही आणि आत्या तिला बाजूला ठेवायची. बाजूची रांग मोठी होत गेली. कोंबडा त्यातच होता. जगल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातलीही एक तिरपी तिरपी चालत होती.

बाबा आले तेव्हा आम्ही अंगणातच होतो. ते पुढच्या दारानं हाका मारत आत आले आणि दारातच थांबले.

आत्या उठली. तळव्यांतून रक्त येत होतं, ते तिनं पदराला पुसलं. "दादा, झाली का बदली?"

"कुठली बदली?" बाबा म्हणाले. "कुणाची? आज तर फाईलसुद्धा हलली नाही."

अम्मांनी कपाळावर हात मारून घेतला आणि सगळं सांगितलं, पुन्हा आभाळाकडे बोट दाखवून. बाबांनी वर बघितलं, मग खाली रांगेकडे. ते हसतील असं मला वाटलं, कारण ती गोष्ट कुणी दुसऱ्याच्या घरची म्हणून सांगितली असती तर आम्ही सगळे पोट धरून हसलो असतो. ते हसले नाहीत. त्यांच्या मनात काय आलं ते मला कळलं, कारण माझ्या मनातही तेच होतं. पैज गेली. आषाढात बैलगाडी येणार.

अम्मा गुपचूप आपल्या घरी गेल्या.

आत्या म्हणाली, "त्यांना कळवून टाक, दादा. आषाढाची वाट कशाला बघायची? माझ्याच हातानं झालं." तिचा आवाज अगदी साधा होता, मीठ संपलं असं सांगावं तसा. मग ती वळली आणि मला दिसलं की ती आपलं कोपर दुसऱ्या हातानं झाकून उभी आहे, दिरानं लाकूड फेकलं होतं ते. मला वाटायचं आत्याला कशाचीच भीती वाटत नाही. ती लहान मुलीसारखी घाबरली होती. आयुष्यात मला एवढी भीती पुन्हा वाटली नाही, कारण तोवर मला वाटत होतं की आपण घाबरलो तर मागे आत्या आहे.

बाबा ओट्यावर बसले. "मी शब्द दिलाय," ते म्हणाले. "आता मी त्यांना सांगू काय?"

मी आईकडे बघायचं टाळत होते.

आईनं मांडीवरची कोंबडी जमिनीवर ठेवली, ती चालते का ते बघितलं, आणि हात झटकत म्हणाली, "सांगायचं काय त्यात? सांगा, कोंबड्या मेल्या. नणंद जिवंत आहे."

बाबांनी वर बघितलं. बाबांच्या शब्दापुढे ती कधी बोलली नव्हती.

"शब्द तुम्ही दिलात," आई म्हणाली. "मी दिला नाही. बैलगाडी आली तर मी दारात उभी राहीन. कोल्हापूरची आहे, मला त्यांचं हिंदी कळत नाही आणि त्यांचं मराठीही त्या दिवशी कळणार नाही."

"वहिनी, तिकडं दोनच खोल्या मिळतील म्हणतात," आत्या म्हणाली.

"मिळू देत. एकीत मी आणि हे भांडू. दुसरीत तुम्ही आणि ही भित्री झोपा."

तेव्हा आत्या रडली. मी तिला रडताना पहिल्यांदा बघत होते. ती आवाज काढून, तोंड वाकडं करून, खाली मातीत बसून रडली. मला काय करावं कळेना, म्हणून मीही तिच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं. बाबा तोंड फिरवून कडुनिंबाकडे बघत राहिले.

आईनं आम्हां दोघींना थोडा वेळ रडू दिलं. मग ती परातीतलं घाण पाणी अंगणात ओतत म्हणाली, "वन्सं, पुरे आता. जिवंत आहेत त्यांना पाणी पाजा."